तीन जेसीबी, तिघांचेही हात मोडलेले

प्रिय ताई,

माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे आणि धाकटी सात महिन्यांची. डोंबिवलीत वन-बीएचकेत आम्ही सहा माणसं राहतो. मुलाच्या गेल्या वाढदिवसाला लहानमोठी एकवीस खेळणी आली. आज पाच महिन्यांनी त्यातली चार धड आहेत. त्याला जेसीबीचं वेड, म्हणून ह्यांनी ओळीने तीन जेसीबी आणले. तिन्हींचे हात आठवड्याच्या आत मोडले. गोंदाने चिकटवले, पुन्हा मोडले. सासूबाई म्हणतात, "माझी पितळेची भातुकली साठ वर्षं झाली, अजून माळ्यावर आहे. आताच्या खेळण्यांत दम नाही." आणि पुढच्याच वाक्यात, "पण हाही धसमुसळाच आहे." ऑनलाइन लाकडी खेळणी बघितली, तर ठोकळ्यांच्या एका पेटीला अडीच हजार! ती खरंच टिकतात, की नुसतं लाकडाचं कौतुक? दुकानात उभं राहून टिकाऊ खेळणं ओळखायचं कसं?

– धसमुसळ्याची आई, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

सही करताना घेतलेलं ते नाव आधी काढून टाका. साडेतीन वर्षांच्या मुलाने जेसीबीकडून माती उचलून घ्यायची नाही तर काय करायचं? तो मातीत खुपसणार, त्यावर कोपर टेकणार, जमल्यास बसणारही. एवढं सोसायची ताकद ज्या जेसीबीत नाही तो साडेतीन वर्षांच्या मुलासाठी बनवलेलाच नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवली. तीस मुलं, एक कपाट, आणि रोज अडीच तास. दर मे महिन्यात ते कपाट रिकामं करून काय उरलं ते मांडून बघायचो. माझं या विषयातलं सगळं शिक्षण त्या मे महिन्यांचं आहे.

त्यातून एक सवय लागली. दुकानात खेळणं हातात घेतलं की ते चांगलं दिसतं का, हे बघायच्या आधी मी ते उलटं करते आणि मनात विचारते, हे मोडेल कुठे? आणि मोडलं तर मला किंवा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला ते जोडता येईल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नेहमीच असतं, कारण प्रत्येक खेळणं कुठे ना कुठे मोडतं. पैसे द्यायचे ते दुसऱ्याचं उत्तर "हो" आलं तर.

तुमच्या जेसीबीवर हे करून बघू. त्याच्या हाताला दोन-तीन सांधे असतात. रस्त्यावरच्या खऱ्या जेसीबीजवळ मुलाला घेऊन उभ्या राहिलात (उभ्या राहिला असालच, अर्धा अर्धा तास) तर दिसेल की प्रत्येक सांध्यात या बाजूपासून त्या बाजूपर्यंत आरपार गेलेली पोलादी पिन आहे. स्वस्त खेळण्यात तिथे पिन नसते. हाताच्याच प्लास्टिकची, काडेपेटीच्या काडीएवढी जाड बोंडी असते आणि ती समोरच्या भोकात दाबून बसवलेली असते. मुलाचं सगळं वजन त्या बोंडीवर येतं. बाकीचा जेसीबी शंभर वर्षं टिकेल, बोंडी आठवडाभर. म्हणून पुढच्या वेळी हात वाकवून सांध्यात डोकावा. धातूची पिन किंवा स्क्रू आरपार दिसला तर घ्या. नुसती दाबून बसवलेली बोंडी दिसली तर खाली ठेवा, रंग कितीही झगझगीत असला तरी.

गाड्यांच्या चाकांचंही तेच. दोन्ही चाकांमधून एकच लोखंडी आस गेलेली असेल तर त्या गाडीला आयुष्य आहे. घासून सोडायच्या गाड्यांच्या पोटात प्लास्टिकचे दातेरी चक्र असतात. मूल गाडी दाबून उलटसुलट ढकलतं, एक दाता तुटतो आणि मग ती कर्र कर्र करते. आमच्या कपाटात घासायची गाडी एकही मे महिना बघू शकली नाही. बिनयंत्राची, नुसती ढकलायची गाडी मात्र वर्षानुवर्षं उरायची, आणि गंमत म्हणजे तिचा आवाज मुलं तोंडाने काढायची.

प्लास्टिकचं म्हणाल तर "प्लास्टिक वाईट, लाकूड चांगलं" एवढं ते सोपं नाही. काचेसारखं चकचकीत, कडक आणि हलकं प्लास्टिक असतं, टिचकी मारली की टण्ण वाजतं. ते वाकत नाही, तडकतं, आणि तडकल्यावर त्याच्या कडा ब्लेडसारख्या होतात. तळाला त्रिकोणात ६ आकडा असेल तर बहुतेक हेच. ५ आकड्याचं म्हणजे आपल्या जेवणाच्या डब्यांच्या जातीचं: थोडं मेणचट, दाबलं की दबून परत येणारं. ते मार खातं. पण उन्हात नाही. बाल्कनीत ठेवलेली घसरगुंडी दोन उन्हाळ्यांत पांढुरकी, पिठूळ होते आणि तिसऱ्या उन्हाळ्यात पायाखाली मोडते. एकात एक घट्ट बसणारे चांगल्या कंपन्यांचे ठोकळे एबीएस नावाच्या तिसऱ्याच प्लास्टिकचे असतात. लेगोने १९५८ साली पेटंट घेतलेल्या रचनेचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. लाकडाच्या कौतुकात हे विसरायला नको. फक्त ते बारीक तुकडे धाकटीच्या हाताला लागतील अशा जागी नकोत.

धाकटीचा विषय निघालाच आहे तर तो आधी संपवते, कारण टिकाऊपणाची खरी परीक्षा तिच्या तोंडात होणार आहे. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी प्रमाणकात एक नळी ठरलेली आहे, आतून ३१.७ मिलिमीटर रुंद. खेळण्याचा किंवा त्यातून सुटलेला जो तुकडा त्या नळीत न दाबता पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी टॉयलेट पेपरच्या गुंडाळीतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती याहून थोडी रुंद असते, म्हणजे चूक झालीच तर सावधपणाच्या बाजूने होईल. मऊ खेळण्यांचे डोळे खरोखर ओढून बघा. दुकानदार बघत राहिला तर राहू दे. भरतकामाचे डोळे असले तर उत्तम.

आणि बटण सेल. गाणारी पुस्तकं, चमकणारे भोवरे, छोटे रिमोट यांत नाण्यासारखे चपटे सेल असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं. त्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणं घरात ठेवू नका, भेट म्हणून आलं असलं तरी. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी "बघू उद्या" नाही, लगेच मोठं हॉस्पिटल. वाढदिवसाच्या त्या एकवीसमध्ये असलं काही आहे का, ते आज रात्रीच तपासा.

आयएसआय चिन्हाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर ते सक्तीचं आहे, आयात केलेल्या खेळण्यांवरही. चिन्हाजवळ सीएम/एल असं लिहून आकडे असतात. बीआयएस केअर नावाच्या मोबाइल अ‍ॅपमध्ये ते घातले की परवाना कोणाचा आणि कशासाठी आहे ते दिसतं. दुकानात उभ्याउभ्या दोन मिनिटांचं काम आहे. पण हे चिन्ह काय सांगतं तेही समजून घ्या. रंगात शिसं किती, कडा धारदार आहेत का, तुकडे सुटतात का, पटकन पेट घेतं का, हे ते बघतं. पुढच्या दिवाळीपर्यंत खेळणं मुलाला पुरेल याची हमी ते देत नाही. उलट बाजूने, हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी बाहुलीवर आयएसआय नाही म्हणून ती नकली, असं समजू नका.

आता लाकूड. तुम्ही विचारलंत, खरंच टिकतं का? टिकतं, लाकूड असेल तर. "वुडन" म्हणून विकली जाणारी निम्मी पझल्स लाकडाच्या भुशाचा लगदा दाबून केलेल्या एमडीएफची असतात. कडेला बघा. लाकडाला रेषा असतात, प्लायला थर असतात, एमडीएफची कड ढोकळ्यासारखी एकसारखी तपकिरी दिसते. त्यावर एकदा दूध सांडलं किंवा धाकटीने चोखलं की ते फुगतं आणि पुन्हा साच्यात बसत नाही. पझलला फुगलेला एक तुकडा म्हणजे सगळं पझल बाद.

बंगळुरू-म्हैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणची कातीव खेळणी आपल्याकडेही सगळीकडे मिळतात. तिथलं पारंपरिक लाकूड म्हणजे आपला काळा कुडा: पांढरं, बारीक पोताचं, सहसा ढलपे न उडणारं. लेथवर तुकडा फिरत असतानाच त्याला रंगीत लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळते आणि लाकडावर बसते, मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. ऑइलपेंटचे जसे पापुद्रे निघतात तसे या रंगाचे सहसा निघत नाहीत. पण लाखेला उष्णता सोसत नाही. निर्जंतुक करायचं म्हणून उकळत्या पाण्यात टाकलेला खुळखुळा चिकट होऊन बाहेर येतो. एका पालक आजींनी हा प्रयोग केला होता, मला दाखवायला घेऊन आल्या होत्या. कोरड्या फडक्याने पुसा, पुरे. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं बघून कुणालाही मोह होतो, मलाही होतो. पण ती रंगवलेली फळं मोठ्या मुलाच्या दुकान-दुकान खेळासाठी. दात येणाऱ्या बाळाला रंगवलेलं काहीच नको. कोकणातून आणलेलं हलकं लाकूड पावसाळ्यात कपाटात कोंडून ठेवू नका. खेळण्याखाली बारीक पीठ पडलेलं दिसलं की समजायचं, किडा आत शिरला. ते लगेच बाकीच्यांपासून वेगळं काढा.

अडीच हजारांच्या पेटीचं काय? घेऊ नका. सुताराकडे जा.

हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या बालवाडीतले ठोकळे शाळेशेजारच्या फर्निचरवाल्याने सागाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून करून दिले होते. मी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कडा गुळगुळीत गोल झाल्या होत्या, एवढाच फरक. माप मात्र काटेकोर हवं, इथेच सगळी मेख आहे. शंभरेक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने मापाचे ठोकळे केले, ते जगभरच्या बालवाड्यांत आजही तसेच चालतात: मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि एक इंच तीन अष्टमांश जाड. म्हणजे रुंदी लांबीच्या निम्मी, जाडी रुंदीच्या निम्मी. त्याचा अर्धा, त्याचा दुप्पट आणि त्याचा चौपट असे आणखी तीन प्रकार. दोन अर्धे जोडले की एक पूर्ण व्हायलाच हवा, नाहीतर मनोरा कलतो आणि मूल वैतागून उठून जातं.

सुतार काय करतो सांगते. मूळ ठोकळा घेतो आणि मधोमध कापतो. करवतीची जाडी जेवढी, तेवढा भुसा उडतो आणि दोन्ही अर्धे आखूड निघतात. म्हणून त्याला आधीच बजावा, अर्धा ठोकळा स्वतंत्र मापाने काप, मशीनवर काप, डोळ्याच्या अंदाजाने नको. तुमच्या घरात जागा कमी आहे, तर सगळी मापं निम्मी करा. प्रमाण तेच राहू दे. पन्नासेक नग पुरतात. कडा पॉलिश पेपरने मारून घ्या, हात फिरवताना कूस लागता कामा नये. आणि रंग नको, पॉलिश नको, व्हार्निश नको. "मॅडम, थोडं टचवुड मारून देतो, चमकेल," असं तो म्हणेलच. नाही म्हणा. सागाला त्याची गरज नाही आणि धाकटी ते चाटणार आहे. खर्च तुमच्याकडच्या मजुरीवर आहे, पण तुकडे उरलेले असले तर मजुरीच द्यावी लागते. आपल्याकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खडे, शिंपले, बिया, पानं यांवर बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा अडीच हजारांची पेटी कुणी बघितलीही नव्हती.

सासूबाईंचं आता. त्यांचं अर्धं बरोबर आहे. साठ वर्षांपूर्वीचं जे टिकलं तेवढंच माळ्यावर दिसतं. त्यांच्याच लहानपणी कचकड्याच्या बाहुल्या होत्या, बोटाने दाबल्या की गालाला खड्डा पडायचा आणि तो कधी निघायचा नाही. पत्र्याच्या गाड्या होत्या, गंजून गेल्या. त्या माळ्यावर नाहीत, म्हणून आठवणीतही नाहीत. पण पितळेच्या भातुकलीबद्दल त्यांच्यापुढे हात जोडते. तिच्यात सांधाच नाही, मग मोडेल काय? एका लाकडातून कोरलेली जुनी ठकीही अशीच, हात-पाय वेगळे नाहीतच म्हणून ते निखळतही नाहीत.

तर ती भातुकली माळ्यावर कशाला आहे? खाली काढा आणि नातवाच्या हातात द्या. मुलगा आहे म्हणून भातुकली नको, असं कुणी घरात म्हणालं तर माझं नाव सांगा. आमच्या बालवाडीत चुलीपुढे सगळ्यात जास्त भांडणं मुलांची व्हायची. जेसीबीने माती आणायची, पातेल्यात शिजवायची, सोऱ्यातून काढायची, असा खेळ दुपारभर चालतो. दोन गोष्टी फक्त पाळा. खरं ताक किंवा लिंबू त्या पितळेत घालून प्यायला देऊ नका आणि जुनं पितळ धाकटीला चोखायला नको. माळ्यावर जुनी रंगवलेली खेळणी निघाली तर ती फडताळात शोभेला ठेवा. घरगुती रंगांतल्या शिशाची मर्यादा दहा लाखांत नव्वद भाग, हा आपल्याकडचा नियम २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या पोपडे निघालेल्या रंगाचा भरवसा धरू नये. भातुकली अपुरी असेल तर पुण्याला कुणी जात असेल त्याला तुळशीबागेतून दोन पातेली आणि एक झारा आणायला सांगा. पितळ परवडलं नाही तर स्टीलची चालते.

पाहुण्यांनी आणलेल्या खेळण्यांवर तुमचा ताबा नाही हे खरं. पण पुढच्या वाढदिवसाला आत्या, मावशी, शेजारी यांना आधीच सांगता येईल की सुताराच्या बिलाची वर्गणी काढतोय. आमच्या एका पालकांनी केलं होतं. कुणी रागावलं नाही, उलट खोकी निवडण्यातून सुटले म्हणून खूश झाले. घरातल्या उरलेल्यांतली निम्मी पिशवीत भरून दोन महिने पलंगाखाली टाका. परत काढाल तेव्हा ती नवीन असतील.

मात्र जत्रेतलं भिरभिरं आणि पिपाणी यांना ही सगळी परीक्षा लावू नका. भिरभिरं घरी पोचेपर्यंत फिरलं तरी त्याचे पैसे वसूल. टिकायला हवं ते कपाटातलं.

आता तुमचे तीन जेसीबी. फेकले नसतील अशी आशा आहे. गोंद टिकला नाही, कारण डब्याच्या जातीच्या प्लास्टिकला तो झटपट चिकटणारा गोंद धरतच नाही. दोष चिकटवणाऱ्याचा नाही, ह्यांना सांगा. हार्डवेअरच्या दुकानातून तीन मिलिमीटर जाडीचे बोल्ट, प्रत्येकाला दोन वायसर आणि आत नायलॉनची रिंग असलेले लॉकनट आणा. साधं नट नको, हात हलवून हलवून ते ढिलं होतं आणि सुटून नेमकं धाकटीला सापडतं. मोडलेल्या बोंडीचा थुटका कापून काढा. दाभण तापवून सांध्यात आरपार भोक पाडा. हे काम मुलं झोपल्यावर, खिडकी उघडून करा, वास येतो. बोल्ट घाला, वायसर, नट, आणि हात जेमतेम हलेल इतकंच आवळा. जास्त लांब बोल्ट बाहेर राहू देऊ नका. टोक कापून कानशीने घासा.

तिन्हींपैकी एकाचा हात जुळेल असा दुसऱ्यावर बसवावा लागला तर बसवा. तीनमधून दोन चालू झाले तरी पुष्कळ. शेवटचा नट आवळताना मुलाला उठवून पाना त्याच्या हातात द्या, आणि चौथा जेसीबी आणू नका असं ह्यांना माझ्याकडून सांगा.

– तुमची ताई